भातखाचराची विद्या कोणाची? (शंकासुर यांच्या प्रतिसादाच्या निमित्ताने)

खारेपाटकर:
अमेरिकेतील पुलित्झर पुरस्कारांपैकी इतिहासाच्या पुरस्कारावरील चर्चेत शंकासुर यांनी काल लिहिले की अमेरिकेच्या दक्षिणेकडील कॅरोलायनाचा तांदूळ म्हणजे इंग्रजांचे भांडवल, आशियाचे बियाणे आणि गुलामांची मजुरी. त्यात आफ्रिकेची विद्या शोधण्यात एका बाईंनी हयात घालवली आणि समितीने भावनेला बक्षीस दिले. वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

त्या बाई म्हणजे इतिहासकार एडा फील्ड्स-ब्लॅक. त्यांना २०२५ साली पुलित्झर मिळाले ते अमेरिकी यादवी युद्धात कॅरोलायनातील कॉम्बाही नदीवर गुलामांना सोडवणाऱ्या छाप्याच्या इतिहासासाठी. परंतु त्यांच्या संशोधनाची सुरुवात पश्चिम आफ्रिकेतील गिनीच्या किनाऱ्यावर, रिओ नुनेझच्या खाडीत झाली. तेथे राहणाऱ्या बागा आणि नालू या जमातींचे लिखित दप्तर नाही. म्हणून बाईंनी त्यांच्या भाषांतील शब्दांची तुलना केली आणि मीठ व तिवरांची झाडी यांचे शब्द भातशेतीच्या शब्दांहून जुने असल्याचे दाखवले. तिवरांतील भातशेती अंतर्भागातील मांदे लोकांनी आणून दिली, हे जुने मत त्यामुळे डळमळले; खारट चिखलाशी पिढ्यानपिढ्या झगडलेल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी ती स्वतः घडवली. यात भावना कोठे आहे, ते शंकासुर यांनी दाखवावे.

शंकासुर:
झोपमोडीबद्दल दिलगीर आहे. शब्दांवरून इतिहास लिहायचा तर 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला म्हणून आमच्या आजीची भाजीही पोर्तुगीजच म्हणावी लागेल.

२००७ साली एल्टिस, मॉर्गन आणि रिचर्डसन या तिघा इतिहासकारांनी गुलामांच्या जहाजांच्या हजारो सफरी तपासल्या आणि मळेवाल्यांनी भात पिकवणारे लोक मुद्दाम निवडून आणले, या समजुतीला आकड्यांचा आधार सापडत नाही, असे मांडले. आपण रायगडकर ज्याला खारेपाट म्हणता, तशी समुद्राचे पाणी बांधाने अडवून केलेली शेती तर कॅरोलायनात नव्हतीच. तेथील मळे खाडीच्या वरच्या अंगाला होते. भरतीचा रेटा नदीचे गोडे पाणी वर ढकलत असे आणि तेच पाणी खाचरात घेतले जाई. गिनीत खारे पाणी अडवून पावसाने मीठ धुऊन काढतात. या दोन निराळ्या विद्या आहेत.

मानशीकार:
मीठ धुण्याचाच विषय असेल, तर गोव्याची खाजणे (खाडीकाठची बांध घातलेली शेते) विसरू नयेत. बांध, मानस (बांधातील पाण्याचे दार) आणि खाऱ्या मातीत तग धरणारे कोरगुट भात हे सारे आमच्याकडे पोर्तुगीज येण्यापूर्वीचे आहे. १५२६च्या फोरलात, म्हणजे सनदेत, त्यांनी गावकऱ्यांचे जुने रिवाज फक्त लिहून काढले. रायगडकरांनी आपली बंदिस्ती जगात पहिली असल्याच्या थाटात लिहू नये.

खारेपाटकर:
पहिली असे मी कोठे म्हटले? आता निघालेच आहे, तर सांगतो. आमच्या उघाडीचे, म्हणजे बांधातील पाण्याच्या दाराचे, फळे लाकडी होते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडत आणि भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटत. आजोबा अंधारात केवळ आवाजावरून फळा नीट बसला की नाही ते सांगत. पुढे एका सरकारी कार्यालयाने तेथे सिमेंटचे नळ बसवले. दुसऱ्याच पावसाळ्यातील उधाणाला बांधास खांड पडली, खारे पाणी आत शिरले आणि तीन वर्षे शेतात गवतही धड उगवले नाही. नकाशावर साहेबांची सही होती. आजोबांचे नाव कोणत्याही कागदात नव्हते. अलिबागजवळील चरी गावच्या शेतकरी संपात १९३३पासून कुळे वर्षानुवर्षे जमीन न कसता बसली, तीही याच खारेपाटात. 'पुरावा कोठे आहे' असे कोणी विचारले, की माझे डोके फिरते ते यामुळे.

मानशीकार:
सिमेंटचा नळ ही तक्रार आमचीही आहे. मात्र मानशीला उघाडी म्हणू नये.

शंकासुर:
आपल्या आजोबांविषयी आदर आहे; परंतु त्यांच्या उघाडीवरून कॅरोलायनाचा निकाल लावता येणार नाही. आणि डोके फिरणे हा पुरावा नव्हे.

पिट्सबर्गची सून:
बाई शिकवतात त्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गावी मी राहते, म्हणून दोन शब्द. कॅरोलायनात खाचरांना पाणी देणाऱ्या झडपेला आजही 'ट्रंक' म्हणतात, कारण सुरुवातीला ती पोखरलेल्या झाडाच्या खोडाची असे. गेल्या वर्षी आम्ही त्या बाजूला गेलो होतो. जुन्या मळ्यांचे चौकोनी बांध अजून दिसतात. आता त्यांत पाणी ठेवतात ते बदकांसाठी. सोबतचे भाऊजी 'किती सुंदर' म्हणत फोटो काढत होते. ते बांध चिखलात कमरेएवढे उभे राहून कोणी घातले, हे त्यांना तेथेच ऐकवले आणि परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलले नाही.

छाप्याविषयी कोणीच लिहिले नाही, याचे नवल वाटते. २ जून १८६३च्या पहाटे स्वतः गुलामगिरीतून पळालेल्या हॅरिएट टबमन यांच्यासह युनियनच्या (उत्तरेकडील सरकारी सैन्याच्या) नावा आल्या, तेव्हा माणसे भाताच्या खाचरांत कामावर होती. सातशेहून अधिक जण सुटले. टबमन यांनी सांगितलेली एक बाई डोक्यावर भाताचे भांडे घेऊन धावत होती; भात नुकताच चुलीवरून उतरवलेला, वाफा निघत होत्या, आणि मागे पोर लोंबकळत होते. फील्ड्स-ब्लॅक यांनी सैनिकांच्या व विधवांच्या पेन्शनच्या फाइली चाळून अशा माणसांची नावे, नाती आणि मळे जुळवले; छाप्यात त्यांचे स्वतःचे पूर्वज हेक्टर फील्ड्सही होते. शंकासुर, आपल्याला कागद हवे होते ना?

शंकासुर:
पेन्शनच्या फाइली मला मान्य आहेत. तो शपथेवरचा जबाब असतो. मात्र स्वतःच्या पूर्वजांचा इतिहास लिहिणाऱ्याने दुप्पट सावध राहावे, हे माझे मत कायम आहे.

खारेपाटकर:
मग राजघराण्यांचे वंशज बखरी छापतात, तेव्हा हे मत कोणत्या कपाटात असते?

शंकासुर:
त्याच कपाटात, आपण कधी विचारले नाही. बरे, दक्षिण अमेरिकेतील सुरीनामच्या जंगलात पळून गेलेल्या गुलामांचे वंशज अजून पिकवतात तो आफ्रिकी तांदूळ जनुकीय तपासणीत पश्चिम आफ्रिकेच्या वाणांशी जुळला, हे २०१६ साली प्रसिद्ध झाले आहे. आपण ते मांडाल म्हणून मी दोन दिवस थांबलो होतो. तेव्हा 'आशियाचे बियाणे' हे माझे शब्द कॅरोलायनापुरते समजावेत. 'मजुरी' हा शब्दही मागे घेतो, कारण मजुराला निदान पैसे मिळतात. 'भावनेला बक्षीस' हे मात्र मागे घेत नाही.

मानशीकार:
कोरगुटाची जनुकीय तपासणी कोणी केली आहे का?