दादाला सेरेब्रल पाल्सी आहे, नातेवाईक म्हणतात त्याचं लिव्हिंग विल (जगवण्यासाठीचे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवणं) करून टाका. करता येतं का?

धाकटी_पुणे:
नमस्कार मंडळी. दादा ३४ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचाल अवघड जाते), बोलणं फार कमी पण कळतं सगळं, मॅचचा स्कोअर घरात आम्ही त्यालाच विचारतो. मध्यंतरी न्यूमोनिया झाला म्हणून एका खाजगी हॉस्पिटलात नेलं तर तिथले डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाले, व्हेंटिलेटरवर गेला की खर्चाला अंत नाही आणि तसंही याचं आयुष्य काय आहे, घरी बोलून ठरवा. आई थरथर कापत होती. मी सांगितलं जे लागेल ते करा, आता तो घरी आहे, खातोय-पितोय. पण काका-आत्या मागे लागलेत की लिव्हिंग विल करा म्हणजे पुढच्या वेळी प्रश्न नको. आणि हेल्थ इन्शुरन्सचंही कुणी सांगा प्लीज, दोन कंपन्यांनी नाही म्हटलंय.

वकील_सातारा:
ताई, दुसऱ्याच्या वतीने लिव्हिंग विल करताच येत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, ते सज्ञान माणसाने स्वतःच्या मर्जीने, समजून-उमजून करायचं असतं. २०२३ मध्ये प्रोसेस सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. विल नसेल तर जवळच्यांची संमती घेतात, पण तेव्हाही आधी हॉस्पिटलचं आणि मग दुसरं अशा दोन मेडिकल बोर्डांनी बघायचं असतं, आणि तेही बरं होण्याची आशाच नसेल तर. न्यूमोनिया हा बरा होणारा आजार आहे, सेरेब्रल पाल्सी हा मरणाचा आजार नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ मध्ये तर उपचारात प्राधान्य द्या असं लिहिलंय. त्या डॉक्टरांविरुद्ध लेखी तक्रार करा.

नाना_व्हीलचेअर:
मी पॅराप्लेजिक आहे, म्हणजे पाय लुळे, अपघातानंतर. माझं लिव्हिंग विल मी स्वतः केलंय आणि तो माझा हक्क आहे, त्यामुळे दिव्यांगांनी लिव्हिंग विल करूच नये असं मी म्हणणार नाही. पण दादाला कुणी विचारलं का? काका-आत्या ठरवतायत, डॉक्टर ठरवतायत, ज्याचा जीव आहे त्याला कुणी विचारेना. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानभाग आठवा, हल्ल्यानंतर शुद्ध हरपली आणि १९७३ ते २०१५ तिथल्या नर्सेसनीच त्यांना सांभाळलं, कोर्टात दयामरणाची मागणी झाली तेव्हा याच नर्सेस विरोधात उभ्या राहिल्या. पण तिथे पालिकेचा बेड होता, पगारी माणसं होती. घरी एकटी आई असते, ती थकली की लोक त्यालाच ओझं म्हणतात. ओझं कसलं, मदतनीस द्यायला सरकारकडे पैसा नाही हे खरं दुखणं आहे.

मिसिसागाकर:
नानांशी सहमत, इथे कॅनडात हेच डोळ्यांसमोर चाललंय. २०२१ पासून मरण जवळ नसलं तरी गंभीर अपंगत्व असेल तर डॉक्टरांच्या मदतीने मृत्यू मागता येतो, फक्त तपासणीला किमान ९० दिवस द्यावे लागतात. दुसरीकडे २०२५ मध्ये अपंगांसाठी केंद्राचा भत्ता सुरू झाला तो महिन्याला जास्तीत जास्त २०० डॉलर, त्यात इथे काय होतं. घरपोच मदतीसाठी लोक ताटकळतात आणि मग म्हणायचं की त्याने स्वतःहून निवडलं. इथल्या अपंग संघटनांचा जोरदार विरोध आहे, संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही २०२५ मध्ये ही तरतूद रद्द करा असं सांगितलंय.

आई_नाशिक:
इन्शुरन्ससाठी नॅशनल ट्रस्टची (केंद्र सरकारची दिव्यांगांसाठीची संस्था) निरामया योजना बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांना १ लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट नाही, थेरपीचाही खर्च मिळतो. दरवर्षी रिन्यू करावं लागतं. आयसीयूला १ लाख किती पुरणार ते दिसतंच आहे, म्हणून महात्मा फुले योजनेचंही कार्ड काढून ठेवा. आणि फाईलच्या पहिल्या पानावर लिहा तो हो-नाही कसं सांगतो. माझी लेक हो म्हणताना डोळे वर करते, हे वाचल्यावर ड्युटीवरची सिस्टर थेट तिच्याशीच बोलायला लागली.

धाकटी_पुणे:
सगळ्यांचे आभार. दादाला काल विचारलं, पुन्हा हॉस्पिटलात जायची वेळ आली तर मशीन लावायचं का. त्याने मान हलवून हो सांगितलं, दोनदा. काकांना फोन करून कळवलंय. निरामयाला जुनं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट चालेल की यूडीआयडी कार्डच (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागेल?

आई_नाशिक:
यूडीआयडी नसेल तर लगेच अर्ज टाका, पुढे सगळीकडे तेच मागतात.