शाडूच्या मूर्ती वाळवायला गॅरेजमध्ये हीटर लावायचाय, वायरिंग कसं करून घेऊ?

मातीकाम
नमस्कार मंडळी. शाहूपुरीत घराशेजारीच पत्र्याचं गॅरेज आहे. गाडी विकल्यापासून तिथं शाडूच्या गणेशमूर्ती करते. यंदा फूट-सव्वा फुटाच्या चाळीस मूर्तींची ऑर्डर आहे आणि आषाढ लागल्यापासून ऊन म्हणून नाही. आठ दिवसांपूर्वीच्या मूर्ती अजून पाठीमागून ओल्या लागतात. २००० वॉटचे दोन रॉड हीटर आणायचा विचार आहे. गॅरेजमध्ये एकच ट्यूब आणि एक साधा प्लग आहे. भाऊ म्हणतो, हॉलमधून एक्स्टेंशन ओढून दोन्ही लाव. मला धीर होत नाही. २०२१ च्या पुरात गॅरेजमध्ये दीड फूट पाणी होतं, त्यानंतर वायरिंगला कुणी हात लावलेला नाही. काय करू?

जुना वायरमन
ताई, धीर होत नाही ते बरंच आहे. एक्स्टेंशन अजिबात नको. २००० वॉटचा एक हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो, दोन लावले तर साडेसतरा. हॉलचा साधा प्लग असतो ६ अँपिअरचा. त्यात कन्व्हर्टर घालून मोठी पिन बसते, पण आतली पट्टी आणि मागची वायर तीच राहते. हीटर गीझरसारखा वीस मिनिटांत बंद होत नाही, तुम्ही तो रात्रभर चालवणार. वायर जळते ती अशा तासन् तास चालणाऱ्या लोडनं, आणि सुरुवात होते ढिल्या जॉइंटपासून.

घरातल्या डीबीतून, म्हणजे मीटरनंतरच्या मुख्य फ्यूजबोर्डातून, गॅरेजसाठी वेगळी लाइन काढून घ्या. अडीच एमएमची तांब्याची वायर, आयएसआय मार्कची. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही सलग, मधे जॉइंट नको. डीबीत १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि गॅरेजमध्ये १६ अँपिअरचं सॉकेट. या लाइनवर एकच हीटर. त्याच लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हवाच, तिथं पैसे वाचवू नका. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. तुमचे हात ओले, फरशी ओली, भोवती पत्रा. फेजचा करंट अंगातून जमिनीत उतरायला लागला की आरसीसीबीच लाइन तोडतो.

आता मला सांगा, डीबीत फ्यूज आहेत का एमसीबी? आणि अर्थिंग खरंच आहे का?

फौंड्रीतला
वायरिंगबद्दल दादांनी सांगितलंय ते सोळा आणे खरं. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या कोअर शॉपला आहे. आमच्याकडं वाळूचे कोअर (ओतकामात पोकळी ठेवायला साच्यात बसवायचे ठोकळे) ओव्हनमध्ये वाळवतात, आणि ओव्हनला वाफ जायला वाट ठेवलेली असतेच. तुमच्या बंद गॅरेजात दोन हीटर पेटवले तरी मूर्तीतलं पाणी त्याच हवेत फिरत राहणार आणि पत्र्याला घाम सुटून थेंब परत मूर्तींवरच पडणार.

पावसातली २५ अंशांची हवा ३५ पर्यंत तापवली की तिची पाणी धरायची ताकद पावणेदोन पट होते. म्हणजे ९५ टक्के आर्द्रता पन्नास-पंचावन्नवर येते. एवढं बास. वर एक एक्झॉस्ट फॅन, खाली समोरच्या भिंतीत हवा यायला जाळी, आणि एकच हीटर. लिटरभर पाणी उडवायला साधारण पाऊण युनिट लागतं. हवा बाहेर नेली नाही तर दोन हीटरची वीज फुकट जाणार.

गंगावेशकर
ताई, आमचं घरचं मूर्तीकाम. हीटर मूर्तीसमोर ठेवू नका. वरची कातडी आधी वाळते, आवळते, पोटात ओल राहते आणि कान नाहीतर सोंडेच्या मुळाशी तडा जातो. पहिले तीन-चार दिवस मूर्तीवर पातळ सुती कापड टाकून नुसता पंखा चालू ठेवा, तोही भिंतीकडं तोंड करून. ऊब त्यानंतर द्या. पाट रोज पाव फेरा फिरवा.

अजून एक, हे लै महत्त्वाचं. वॉर्निश नाहीतर थिनरचा रंग त्याच खोलीत मारत असाल तर लाल होणारा रॉड नकोच. थिनरच्या वाफेला तापलेली तार पुरते. ऑइल भरलेला सीलबंद हीटर घ्या, आणि थिनरचं काम दुसऱ्या खोलीत करा.

मातीकाम
सगळ्यांचे मनापासून आभार. डीबीत जुने चिनी मातीचे फ्यूज आहेत. गॅरेजची वायर बारीक आहे, बहुतेक एक एमएमची. अर्थची हिरवी वायर मागच्या नळाच्या पाइपला गुंडाळलीय. बिलावर मंजूर भार २ किलोवॉट दिसतो. रंग पाण्याचे आहेत, फक्त मुकुटाच्या सोनेरी रंगाला थिनर लागतो. तो आता वरच्या गच्चीतल्या खोलीत मारीन.

जुना वायरमन
नळाला बांधलेली अर्थ म्हणजे अर्थ नव्हे. मधे कुठं प्लॅस्टिकचा पाइप जोडलेला असेल तर करंट जमिनीत जाणार नाही, उलट सगळ्या घराच्या नळांत उतरेल. आजच ती वायर काढायला लावा आणि नवीन अर्थिंग होईपर्यंत गॅरेजचा प्लग बंद ठेवा. पुरात भिजलेला जुना बोर्ड आणि वायर वापरू नका, आतला गंज बाहेरून दिसत नाही. नवीन सॉकेट आणि आरसीसीबीची पेटी २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या तीन फूट वर बसवा, आणि वायर वरून पाइपातून आणा. पाणी वाढायला लागलं की घरातून गॅरेजची लाइन बंद करता आली पाहिजे.

घरात गीझर आहे ना? मग २ किलोवॉट मंजुरी पुरणार नाही. भार वाढवायचा अर्ज महावितरणकडं करा. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच घ्या, त्याचा टेस्ट रिपोर्ट अर्जाला लागतो.

मातीकाम
ठेकेदार शनिवारी बघायला येतोय. ऑइलचा एकच हीटर, एक्झॉस्ट आणि नवीन लाइन असं ठरवलंय. तोवर मूर्तींवर कापड आणि नुसता पंखा, तोही घरातल्या प्लगवर, वरच्या खोलीत. एकच विचारायचंय, अर्थिंगचा खड्डा भर पावसात घेतला तर चालेल का?

जुना वायरमन
चालेल, थांबू नका. फक्त ओल्या जमिनीत अर्थिंगच्या मीटरचं रीडिंग नेहमीपेक्षा कमी, म्हणजे चांगलं येतं. आत्ताचा आकडा लिहून ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडल्यावर परत मोजून घ्या. तेव्हा रीडिंग फार चढलं तर दुसरा इलेक्ट्रोड (अर्थिंगसाठी जमिनीत पुरायचा दांडा) टाकून पहिल्याला जोडावा लागेल.