मदत हवी आहे: महिला मंडळाची इंग्लंडवारी, भिशीचे पैसे आणि रूथमावशींचा व्हिसा

नमस्कार मंडळी,

आमच्या मुंबईतल्या बॅप्टिस्ट चर्चचं महिला मंडळ ऑक्टोबरअखेर इंग्लंडला जायचं म्हणतंय. लेस्टरच्या एका बॅप्टिस्ट चर्चमधल्या बायकांनी बोलावलंय. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी जगभरच्या बॅप्टिस्ट स्त्रिया एकाच दिवशी प्रार्थनेला बसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या बायकांनी हे सुरू केलं. तो दिवस त्यांच्यासोबत घालवायचा, राहायचं त्यांच्याच घरी. मग मोल्टन आणि केटरिंग ही इंग्लंडमधलीच दोन गावं बघायची. मोल्टनला बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी जोडे शिवता शिवता पाळकाचं (चर्चच्या धर्मगुरूचं) काम करायचे. पुढे त्यांनी 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं ते श्रीरामपूरला (आपलं नगरचं नव्हे, बंगालमधलं!). केटरिंगचं आकर्षण वेगळंच. कॅरींची मिशन संस्था 2 ऑक्टोबर 1792 ला तिथे स्थापन झाली ती वॉलिस नावाच्या एका विधवाबाईंच्या घरी. आमच्या मंडळात चार-पाच जणी विधवा आहेत, त्यांना ते घर बघायचंच आहे.

आता अडचणी. तिकिटाचे पैसे आम्ही भिशीतून जमवलेत, सगळे रोखीत. एजंट म्हणतो, प्रत्येकीच्या खात्यात एकरकमी भरून टाका. मला ते पटत नाही. स्टेटमेंटमध्ये एरवी दोन-चार हजार आणि अचानक लाख-दीड लाख दिसले तर व्हिसा अधिकारी काय समजेल?

दुसरी अडचण रूथमावशींची. वय 68, स्वतःचं उत्पन्न नाही, खर्च मुलगा करणार. चर्चच्या रजिस्टरमध्ये त्या रूथ, आधार आणि पासपोर्टवर रुक्मिणी. लेस्टरच्या बायकांनी आमंत्रणपत्र पाठवलं त्यात आम्ही ज्या नावांनी हाका मारतो तीच नावं आहेत.

तिसरी, आमची एक मैत्रीण सरकारी रुग्णालयात नर्स आहे. तिला कुणीतरी सांगितलं की परदेशी माणसाकडे फुकट राहायचं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. खरं आहे का हे?

एजंटचा सल्ला असा की "कागद कच्चे असलेल्या दोघी-तिघींना या वेळी वगळा, बाकीच्यांचं सोपं होईल." ते होणार नाही. आयकर भरणाऱ्या बायकाच न्यायच्या तर मग मंडळाची सहल कशाला म्हणायची? त्यामुळे सगळ्यांना नेण्याचा मार्ग सांगा, वगळण्याचा नको.

खाऊ काय नेता येईल तेही सांगा. सध्या पेढ्यांवर एकमत आहे.

प्रतिसाद: घाटमाथा

ताई, पेढ्यांचं एकमत मोडा. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, पेढे-बर्फी त्यातच आली. चिवडा, शेंगदाण्याची चिक्की न्या.

व्हिसा: गट असला तरी अर्ज प्रत्येकीचा वेगळा, बोटांचे ठसे वेगळे, निर्णयही वेगळा. एकीचे कागद कच्चे म्हणून दुसरीचं सोपं-अवघड होत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, उत्तर साधारण तीन आठवड्यांत येतं. खात्यात अमुक रक्कम हवी असा आकडा नियमात नाही. पैसा कुठून आला ते पटलं पाहिजे. भिशीचे पैसे भरा, पण लपवू नका. भिशीच्या वहीची प्रत, तिचं इंग्रजी भाषांतर आणि मंडळाच्या लेटरहेडवर कोणाचे किती हप्ते जमले त्याचं पत्र जोडा. भाषांतराखाली भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा.

मावशींसाठी मुलाचं खर्च उचलण्याचं पत्र, त्याच्या पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा कागद. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तेच, अक्षरन् अक्षर. आमंत्रणपत्र नव्याने मागवा, "रुक्मिणी, चर्चमध्ये रूथ" असं एका ओळीत लिहून द्यायला सांगा. पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो आजच सगळ्यांकडून मागवा, आणखी एखादी रूथ निघेल.

प्रतिसाद: निवृत्त_हेडक्लार्क

नर्सताईंना सांगितलेलं खरं आहे. विदेशी अंशदान कायद्याच्या (परदेशातून मिळणाऱ्या पैशांवर आणि पाहुणचारावर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम 6 प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याने परदेशी यजमानाकडून प्रवासखर्च किंवा मोफत राहणं-जेवण घ्यायचं तर गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-2, ऑनलाइन. सोबत यजमानांचं आमंत्रण आणि त्यांच्या सरकारी खात्याची मंजुरी. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी पोचावा असा नियम आहे, पण खात्याच्या मंजुरीलाच किती वेळ लागतो ते आम्हाला विचारा! निव्वळ सहज केलेला पाहुणचार कायद्यात मोडत नाही, मात्र लेखी आमंत्रण देऊन ठेवून घेणं "सहज" कसं ठरवायचं? नर्सताईंनी राहण्याचे पैसे स्वतः भरून पावती घेतली तर हा प्रश्नच उरत नाही. परदेशवारीसाठी खात्याची परवानगी आणि रजा मात्र तरीही घ्यावी लागेल.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. फोटो मागवले. घाटमाथा, तुमचा अंदाज बरोबर निघाला: आमची मार्था पासपोर्टवर मालती आहे. नर्सताई जवळच्या लॉजवर पैसे भरून राहील, दिवसभर आमच्यासोबत असेल. लेस्टरला नोव्हेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो म्हणे, तर साडीवर काय घालायचं ते कुणी तिथे राहणारं सांगेल का? मावशी पंजाबी ड्रेस घालायला तयार नाहीत.