मदत हवी आहे: पेटीत खाली कर्नाटकचा आंबा भरायला सांगतायत

वेंगुर्ल्याजवळ आमची हापूसची छोटी बाग आहे. व्यापारी म्हणतो वरच्या थरात तुमचा माल लावा, खाली कर्नाटकचा, कोण कापून बघतंय. भाव बरा देतो, आणि आमचे हे म्हणतात सगळेच करतात गं. पण २०१८ ला कोकण हापूसला जीआय (म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) मिळालं ते काय यासाठी? आणि बायबलात नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूचा देवाला वीट आहे असं सरळ लिहिलंय, मग रविवारी मिस्साला जाऊन सोमवारी असली पेटी भरायची, मला नाय जमणार. धंद्यातले ख्रिस्ती बंधू-भगिनींनो, तुम्ही अशा वेळी नाही कसं म्हणता, घरातली भांडणं न वाढवता? आणि मुंबईला थेट गिऱ्हाइकाकडे पेट्या पाठवायला टेंपो परवडतो की रेल्वे पार्सल?