प्लगइन बंद करून पाहावे
संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीसाठी गॅलरी प्लगइन, म्हणजे छायाचित्रे मांडून दाखवणारी जोडणी, निवडताना मांडणीचे नमुने ज्यात जास्त ते सरस, असा निकष काही जण मांडतात. माझ्या मते आधी ते प्लगइन बंद करून पाहावे. पाच वर्षे वापरलेले एक प्लगइन मी मागच्या दिवाळीत काढले, तेव्हा हरिश्चंद्रगडावरच्या लेखात कोकणकड्याच्या बारा छायाचित्रांच्या जागी चौकटी कंसातला एक शॉर्टकोड (इथे गॅलरी दाखवा, असे प्लगइनला सांगणारी खूण) आणि त्यात ४७ हा आकडा, एवढेच उरले. छायाचित्रे सर्व्हरवर होती, पण प्लगइनने ती स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यामुळे वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या छायाचित्र-संग्रहात, त्यांचा मागमूस नव्हता, आणि छायाचित्रांखालच्या ओळी तर मला नव्याने टंकाव्या लागल्या.

शिवाय पूर्वी ज्या सोयींसाठी प्लगइन लागे, त्यांतल्या बऱ्याच आता वर्डप्रेसमध्येच आहेत. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या जेपीईजी छायाचित्राची लहान प्रत आपोआप तयार होते, २०२० च्या ५.५ पासून पानाच्या तळाकडची छायाचित्रे वाचक तिथे पोहोचू लागेपर्यंत डाउनलोड होत नाहीत, आणि २०२३ च्या ६.४ पासून टिचकी मारल्यावर छायाचित्र मोठे करून दाखवता येते. अल्बमात अल्बम हवे असतील किंवा छायाचित्रे विकायची असतील, तर मात्र प्लगइन घ्यावेच लागते. तेव्हा मीडिया लायब्ररीतलीच छायाचित्रे वापरणारे निवडावे, मग त्याची मांडणी थोडी साधी असली तरी चालेल.