हॉस्पिटलमधला कमी खर्चाचा सर्व्हायव्हल हॉरर: दारात अडकणारा शत्रू, टॉर्च आणि गोळ्यांचं गणित

निमअंधार

नमस्कार मंडळी. दोघांची टीम मिळून गेम बनवतोय: गोडो ४ हे गेम इंजिन, फर्स्ट-पर्सन, म्हणजे सगळं खेळाडूच्या डोळ्यांतून. बंद पडलेल्या हॉस्पिटलचा एक मजला आणि खाली तळघर, एवढंच जग. एक मोठा शत्रू आहे, तो मरत नाही, फक्त मागे लागतो. शिवाय नऊ साधे शत्रू, पिस्तुलाच्या तीन गोळ्यांत पडणारे. मॉडेल्स बहुतेक फुकट मिळालेली. पैसे आवाज आणि स्टोअरच्या फीसाठी राखून ठेवलेत.

अडचणी अशा. मोठा शत्रू वॉर्डच्या दारात येऊन थरथरत उभा राहतो, नाहीतर चौकटीला घासत बसतो. नेव्हमेश, म्हणजे शत्रू कुठे चालू शकतो याचा नकाशा, दिसायला ठीक आहे, पण खेळाडू खोलीत शिरला की याला वाटच सापडत नाही. दुसरं, टॉर्च लावला की वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर फ्रेमरेट साठवरून पंचविशीवर येतो. आणि खरा डोक्याला ताप म्हणजे, खेळून बघणारे पहिली दहा मिनिटं दचकतात, मग शत्रूच्या समोरून बिनधास्त धावत सुटतात, मेलो तर मेलो म्हणून. गोळ्या किती ठेवायच्या याचाही अंदाज येत नाहीये.

नेव्हमेशनाना

दारातली थरथर हा एआयचा नाही, मापांचा घोळ वाटतो. नेव्हमेश बेक करताना, म्हणजे आधीच मोजून साठवताना, एजंट रेडियस (भिंतीपासून सोडायची जागा) मुळात ०.५ मीटर असतो आणि सेल साइझ (नकाशाच्या एका चौकोनाचं माप) ०.२५. दार ०.९ मीटरचं असेल तर दोन्ही चौकटींकडून अर्धा-अर्धा मीटर कापला जातो, म्हणजे मधे काही उरतच नाही. खोली आणि कॉरिडॉर हे दोन सुटे तुकडे होतात. लांबून बघताना दोन्हीकडे निळा पट्टा दिसतो, म्हणून जोडलेलं वाटतं. उंबऱ्याच्या अगदी जवळ कॅमेरा नेऊन बघा, फट दिसेल.

हॉस्पिटलची दारं तशीही खाट जाईल इतकी रुंद असतात, तेव्हा बिनधास्त १.२ मीटर करा. रेडियस ०.४ आणि सेल साइझ ०.१. मग दारात ०.४ मीटरचा, म्हणजे चार सेलचा पट्टा उरतो. रेडियस सेल साइझच्या पटीत ठेवा, नाहीतर तो वरच्या पटीला ओढला जातो आणि पुन्हा तीच फट. प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या नॅव्हिगेशन मॅपची सेल साइझही ०.१ करा, दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कडा नीट जोडल्या जात नाहीत.

आता चौकटीला घासणं. त्याची दोन कारणं असू शकतात. शत्रूच्या कोलिजन कॅप्सूलची, म्हणजे भिंतीला अडणाऱ्या अदृश्य आकाराची, त्रिज्या नेव्हमेशच्या रेडियसपेक्षा मोठी असेल तर नकाशा 'जा' म्हणतो आणि भिंत 'थांब' म्हणते. कॅप्सूल ०.३५ करा. दुसरं, नॅव्हिगेशन एजंटचं पाथ डिझायर्ड डिस्टन्स मुळात १ मीटर असतं. वळणाचा बिंदू एक मीटर लांब असतानाच तो 'पोचलो' समजून पुढच्या बिंदूकडे वळतो आणि कोपरा कापतो. ०.३ करून बघा. ताशी चौदा-पंधरा किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ४ मीटरने पळणारा शत्रू, सेकंदाला गेमचे ६० टिक (हिशेबाचे टप्पे) धरले तर, एका टिकमध्ये जेमतेम ७ सेंटीमीटर सरकतो, त्यामुळे ०.३ सुरक्षित आहे. हा आकडा ०.०५ वगैरे केलात तर मात्र तो बिंदू ओलांडून मागे वळतो, पुन्हा पुढे जातो आणि जागेवर नाचायला लागतो.

नेहमी उघडता येणारी दारं बेकमध्ये घेऊच नका; चौकट रिकामी समजून बेक करा. शत्रू दाराच्या एक मीटरवर आला की थांबवा, उघडण्याचं ॲनिमेशन चालवा, ०.८ सेकंदाने पुढे सोडा. ही छोटी थांबणूक खेळाडूला पळायला मिळणारी फुरसत आहे, ती काढून टाकू नका. किल्लीची दारं मात्र बंद स्थितीत बेक करा आणि दोन्ही बाजू नॅव्हिगेशन लिंकने जोडा. कुलूप निघेपर्यंत लिंकचं एनेबल्ड बंद. पुन्हा बेक करायची गरज पडत नाही.

ट्यूबलाइट

फ्रेमरेटबद्दल. टॉर्चला दोष देण्याआधी मोजा: छतावरच्या किती लाइटना शॅडो चालू आहे? ओम्नी लाइटला (चहूकडे उजेड टाकणारा) क्यूब पद्धतीची शॅडो दिली की सहा दिशांनी देखावा काढावा लागतो, स्पॉटला (टॉर्चसारखा एकाच दिशेचा) एकदाच. आवाक्यातलं काही हललं नाही तर गोडो स्थिर लाइटची जुनी शॅडोच वापरतो, पण त्याखाली छताचा पंखा फिरत असला किंवा पडदा हलत असला की दर फ्रेमला सगळं नव्याने. हॉस्पिटलच्या लेव्हलमध्ये पंखे आणि पडदे हमखास असतात, आणि तिथेच सगळी ताकद जाते.

सोपा नियम ठेवा: हलती शॅडो फक्त टॉर्चला. बाकी सगळं लाइटमॅपमध्ये, म्हणजे भिंतींवर आधीच रंगवून ठेवलेल्या उजेडात, बेक. लुकलुकणारी ट्यूब बेक करता येत नाही, कारण बेक झालेला उजेड लाइट बंद केला तरी भिंतीवर राहतो. तिथे ट्यूबच्या मटेरियलचं एमिशन (स्वतःची चमक) कमी-जास्त करा आणि सोबत शॅडो नसलेला, बेकमधून वगळलेला एक लहान ओम्नी. त्याची रेंज ४ मीटरपुरती ठेवा, नाहीतर शॅडो नसल्यामुळे उजेड भिंतीपलीकडच्या खोलीत झिरपतो.

कॉरिडॉर एकच लांबलचक मेश (थ्रीडी आकार) असेल तर तोडा. गोडोच्या मोबाइल आणि कम्पॅटिबिलिटी रेंडररमध्ये (चित्र काढण्याच्या हलक्या पद्धती) एका मेशवर मुळात ८ ओम्नी आणि ८ स्पॉटच लागू होतात. नववा गुपचूप गळतो आणि चालताना दिवे उगाच पेटल्या-विझल्यासारखे वाटतात. चार-चार मीटरचे तुकडे केलेत तर हा प्रश्न मिटतो, शिवाय नजरेआडचे तुकडे वगळले जातात. ऑक्लूजन कलिंग (भिंतीआड लपलेलं न काढणं) प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये मुळात बंद असतं, ते चालू करून भिंतींचे ऑक्लूडर बेक करा. दारं त्यात घेऊ नका, नाहीतर दार उघडलं तरी पलीकडची खोली गायब.

आणि टॉर्च कॅमेऱ्याच्या ऐन मध्यावर ठेवलाय का? तसं असेल तर प्रत्येक वस्तूची सावली तिच्याच मागे लपते आणि चित्र सपाट दिसतं. २५ सेंटीमीटर उजवीकडे, २० खाली सरकवा. सलाइनच्या स्टँडची सावली भिंतीवर सरकायला लागली की फुकटात भीती मिळते. ज्या शॅडोसाठी एवढी किंमत मोजतोय ती दिसली तर पाहिजे!

रात्रपाळी

लोक बिनधास्त धावतात, कारण मरण्याची किंमत शून्य आहे. चेकपॉइंट दर खोलीला असणार, पैज. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये सेव्ह करायलाही शाईची रिबन खर्च व्हायची आणि रिबनी मोजक्याच होत्या. दार उघडावं की परत जाऊन सेव्ह करावं, हा हिशेब हीच भीती. पण उलट टोकही वाईट. दहा मिनिटांचा खेळ पुन्हा करायला लावलात तर तिसऱ्या वेळी भीती संपून नुसता वैताग उरतो. मेल्यावर साधारण तीन-चार मिनिटांचं काम वाया जाईल इतपत अंतर राखा, आणि सेव्ह पॉइंट नर्स स्टेशनसारख्या जागी द्या जिथे चार वाटा मिळतात. परत यायला कारण मिळतं आणि नकाशा डोक्यात बसतो. खेळाडूला नकाशा पाठ झाला की मगच एखादी वाट बंद करा.

दुसरं म्हणजे शत्रू सतत दिसतोय. २०१४ च्या 'एलियन: आयसोलेशन'ची रचना लहान टीमलाही परवडते: वर एक दिग्दर्शक, खाली शत्रू. खेळाडू कुठे आहे हे दिग्दर्शकाला माहीत असतं. शत्रूला तो फक्त परिसराचा इशारा देतो, शोधायचं शत्रूने स्वतःच्या डोळ्या-कानांनी. तुमच्यासाठी ० ते १०० असा एक ताणाचा आकडा पुरेल. शत्रू चालत्या वाटेने १५ मीटरच्या आत असेल तर सेकंदाला ४ वाढवा, खेळाडूला दिसत असेल तर ८. शंभर झाले की त्याला दुसऱ्या टोकाच्या वॉर्डात पाठवा आणि किमान ६० सेकंद परत बोलावू नका. लांब असताना सेकंदाला २ उतरवा. वीसच्या खाली गेला की पुन्हा इशारा द्या, 'एक्स-रे विभागाकडे बघ' एवढाच. नेमकी जागा सांगितलीत तर दोन फेऱ्यांत खेळाडूला कळतं की शत्रू चोरून बघतोय, आणि मग लपण्यात अर्थ राहत नाही.

निमअंधार

नेव्हमेशनाना, फट सापडली! रेडियस ०.४ केल्यावर शत्रू आत येतोय. पंखे बंद केल्यावर फ्रेमरेटही बराच सुधारला. रात्रपाळी, चेकपॉइंट खरंच दर खोलीला आहे.

पुढचं विचारतो. शत्रूची श्रवणशक्ती सध्या सरळ अंतराने मोजतोय, त्यामुळे तळघरातल्या पावलांनी वरचा शत्रू जागा होतो. आणि गोळ्या?

काडेपेटी

ऐकणं सरळ अंतराने मोजायचं नाही, नेव्हमेशवरच्या वाटेच्या लांबीने मोजायचं. आवाज झाला की शत्रूपासून तिथपर्यंतची वाट काढा आणि बिंदूंमधली अंतरं मिळवा. वाकून चालणं ३ मीटर, चालणं ८, धावणं १८, गोळी ६० अशी त्रिज्या धरून सुरुवात करा. वाटेत बंद दार आलं तर प्रत्येकी ५ मीटर वाढवा. ही गणना फक्त आवाज झाल्यावर करायची, दर फ्रेमला नाही.

खेळाडूच्या कानांचंही बघा. गोडोमध्ये भिंतीने आवाज दबत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. कॅमेऱ्यापासून आवाजाच्या जागेपर्यंत सेकंदाला दहा वेळा रे (अदृश्य सरळ रेघ) सोडा. भिंत लागली तर लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) ८०० हर्ट्झवर आणि आवाज ६ डेसिबल खाली, पण बदल पाव सेकंदात हळू होऊ द्या, झटक्यात केला तर खटका ऐकू येतो. पावलांचे निदान सहा वेगळे नमुने आणि पिच थोडा वर-खाली, नाहीतर टाइपरायटर वाजतो. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरायचा. दिसण्याआधी ऐकू येणं हे सगळ्यात स्वस्त हत्यार आहे. मला याच्या उलट युक्ती जास्त आवडते: ट्यूबच्या चोकची गुणगुण पूर्ण गेमभर बारीक चालू ठेवा आणि मोठा शत्रू त्या विभागात शिरला की ती बंद करा. काय बदललं ते खेळाडूला सांगता येत नाही, पण तो थांबतो.

गोळ्यांचा हिशेब. नऊ शत्रू, प्रत्येकी तीन, म्हणजे २७ नेम बसायला हवेत. अंधारात घाबरलेल्या माणसाचे दहातले सहा बसतात असं धरा, म्हणजे सगळे मारायला ४५ गोळ्या. तुम्ही ३० द्या. त्यात १८ नेम, म्हणजे सहा शत्रू. तिघांना चुकवावंच लागेल, आणि कोणत्या तिघांना ते खेळाडू ठरवेल. दहातले सहा हा माझा ठोकताळा आहे. तुमच्या टेस्टरांच्या झाडलेल्या आणि लागलेल्या गोळ्या फाइलमध्ये नोंदवा आणि तो आकडा बदला. तिसातल्या २२ ठरलेल्या जागी ठेवा, ८ राखीव. खेळाडूकडे चारपेक्षा कमी असतील तरच पुढच्या कपाटात दोन निघतील. एका जागी दोनपेक्षा जास्त कधीच नको. सहाची पेटी सापडली की माणूस शिकारी होतो.

कागदपत्र

एक गोष्ट कुणी बोललं नाही: पांढऱ्यावरचं लाल क्रॉस. प्रथमोपचार पेटी, रुग्णवाहिका, भिंतीवरच्या पाट्या, सगळीकडून काढा. ते चिन्ह जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे. २०१७ मध्ये 'प्रिझन आर्किटेक्ट'च्या निर्मात्यांना रुग्णवाहिकेवरच्या लहानशा क्रॉसवरून ब्रिटिश रेड क्रॉसचं पत्र आलं आणि त्यांनी ते बदललं. हिरवं क्रॉस किंवा नुसतं 'एच' वापरा. फुकटच्या मॉडेल्समध्ये टेक्श्चरच्या कोपऱ्यात ते हमखास लपलेलं असतं, एकेक उघडून बघा.

आवाजांचे परवानेही तसेच तपासा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) खुल्या परवान्यांत सीसी-झिरो निर्धास्त, सीसी-बाय असेल तर श्रेयनामावलीत नाव द्या, आणि 'नॉन-कमर्शियल' असेल तर विकायच्या गेममध्ये चालत नाही. फाइल उतरवतानाच तिचं नाव, कर्ता आणि परवाना एका तक्त्यात लिहा. शेवटी शोधायला बसलात तर गेलात.

स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरची फी गेमला १०० डॉलर. ती भरल्यापासून पहिल्या गेमसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि 'लवकरच येत आहे' पान किमान दोन आठवडे आधी उघडं असावं लागतं. परताव्याची मर्यादा खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे दोन तास. दीड तासाचा गेम पूर्ण खेळूनही कुणी पैसे मागू शकतो. म्हणून रिकामे कॉरिडॉर लांबवू नका. किंमत कमी ठेवा.

रात्रपाळी

जागेबद्दल थोडं, कारण हॉस्पिटल नुसतं घाणेरड्या फरशा आणि चाकाची खुर्ची नाही. वीज गेली की आणीबाणीचे सर्किट जनरेटरवर यायला काही सेकंद लागतात. तेवढा पूर्ण अंधार, मग निवडकच दिवे. ही तयार घटना आहे, वापरा. एमआरआयचा सुपरकंडक्टिंग चुंबक वीज गेली तरी चालूच असतो. त्या खोलीत पिस्तूल हातातून खेचलं जाईल, म्हणजे तिथे खेळाडूला निःशस्त्रच जावं लागेल. एक्स-रे खोलीचं दार शिशाच्या पत्र्याचं, जड. ते उघडायला दोन सेकंद लावा.

आणि कृपा करून ईसीजीच्या सपाट रेषेवर शॉक देऊन कुणाला जिवंत करू नका. सपाट रेषेला डिफिब्रिलेटरचा शॉक देत नाहीत. डॉक्टर मंडळीही हॉरर खेळतात.

ट्यूबलाइट

गेमच्या सुरुवातीला उजेड जुळवण्याचा पडदा टाका: तीन चौकोन, डावा अजिबात दिसू नये, मधला जेमतेम, उजवा स्पष्ट. तो नसेल तर एकाच्या स्क्रीनवर सगळा काळोख आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर सगळं राखाडी दिसतं. काळ्या छटांमध्ये पट्टे पडत असतील तर पोस्ट-प्रोसेसमध्ये (तयार चित्रावरचा शेवटचा हात) अगदी बारीक ग्रेन, म्हणजे दाणे, मिसळा, पट्टे मोडतात. खेळून बघणाऱ्यांना आधी तो पडदा जुळवायला लावा, मगच 'घाबरलो नाही' ही तक्रार मनावर घ्या.