जोनास ग्रे आठवतोय का?

एक सामना गाजवला की संघातली जागा पक्की, असं बरेच जण म्हणतात. छे! अमेरिकन फुटबॉलमधला नोव्हेंबर २०१४ चा पेट्रियट्स-कोल्ट्स सामना आठवा. महिन्याभरापूर्वीपर्यंत पेट्रियट्सच्या सराव-संघात (मुख्य संघाबाहेरच्या राखीव खेळाडूंत) असलेला जोनास ग्रे ३७ वेळा चेंडू घेऊन घुसला. धावून २०१ यार्ड कमावले, ४ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण). संघाचा खेळ चालवणारा क्वार्टरबॅक ब्रेडी नुसता चेंडू त्याच्या हातात देतोय आणि हा गडी मधूनच रेटत सुटलाय!

पुढच्या शुक्रवारी साहेब सरावाला उशिरा पोचले, झोपून राहिले म्हणे. प्रशिक्षक बेलिचिकनं पुढच्या सामन्यात लायन्सविरुद्ध त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. त्यातच स्टीलर्स संघानं सोडलेला ब्लाउंट, तोही ग्रेसारखाच चेंडू घेऊन धावणारा, पेट्रियट्सकडे परत आला, संपलं. ग्रेचे अख्ख्या मोसमात ४१२ यार्ड, त्यातले जवळपास निम्मे त्या एकाच रात्रीतले.